कच्च्या कैद्याचे दिवस कोण मोजतो?

1978 साली राष्ट्रीय पोलीस आयोगाचे एक सदस्य बिहारमधले तुरुंग पाहत फिरत होते. त्यांचे नाव के. एफ. रुस्तमजी. नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले, जुन्या मध्य प्रांताच्या पोलीस दलात घडलेले आणि 1965 साली सीमा सुरक्षा दल उभे करणारे हे अधिकारी. गुन्हेगार, कोठडी, फौजदारी कायदा यांतले काहीच त्यांना नवे नव्हते. तरीही त्या बराकींमध्ये त्यांना जे दिसले, ते पाहून त्यांनी वर्तमानपत्रात लिहायचे ठरवले. जानेवारी 1979 मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये त्यांचे दोन लेख लागोपाठ दोन दिवस छापून आले. त्यात शिक्षा झालेल्या कैद्यांची हकिगत नव्हती. ज्यांचा खटला अजून सुरूच झाला नव्हता, अशा माणसांची होती.

ते लेख दिल्लीतल्या वकील पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी वाचले आणि लेखांतल्या नावांच्या आधारे सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. यादीतल्या एका महिलेच्या नावावरून हा खटला ‘हुसैनारा खातून विरुद्ध बिहार राज्य’ म्हणून ओळखला जातो. भारतातल्या जनहित याचिकांची सुरुवात साधारणपणे इथूनच मोजतात. न्यायालयापुढे जे आले ते भयंकर होते. कोणी पाच वर्षे, कोणी सात, कोणी नऊ, तर काही जण दहा वर्षांहून अधिक काळ खटल्याविना आत होते. अनेकांवरचे आरोप इतके किरकोळ होते की दोषी ठरून जास्तीत जास्त शिक्षा झाली असती, तरी ते केव्हाच सुटून घरी गेले असते. काही स्त्रिया तर आरोपीही नव्हत्या. त्या गुन्ह्याच्या बळी किंवा साक्षीदार होत्या आणि ‘संरक्षणात्मक ताबा’ या नावाखाली गजाआड होत्या.

न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या पीठाने 1979 मध्ये एकामागून एक आदेश दिले आणि एक गोष्ट पक्की करून टाकली: वाजवी वेळेत खटला चालणे हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधल्या जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. या खटल्यामुळे देशभरात सुमारे 40 हजार कच्चे कैदी सुटल्याचे सांगितले जाते.

‘कच्चा कैदी’ हा तुरुंगातला रोजचा शब्द आहे. ज्याला शिक्षा झाली तो पक्का, ज्याचा निकाल लागायचा आहे तो कच्चा. कायद्याच्या नजरेत कच्चा कैदी निर्दोष असतो. आणि आपल्या तुरुंगांत बहुसंख्य तेच आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 बंदी होते आणि त्यांतले 4,34,302 कच्चे कैदी होते. म्हणजे दर चार बंद्यांमागे तीन. तुरुंगांची एकूण क्षमता होती 4,36,266. ही सगळी जागा एकट्या कच्च्या कैद्यांनीच जवळपास भरून जाते.

हक्क नेमका कशाचा?

संविधानात ‘जलद खटला’ असे शब्द कुठेही नाहीत. अमेरिकेच्या राज्यघटनेत 1791 पासून, सहाव्या दुरुस्तीने, ते स्पष्ट लिहिलेले आहेत. युरोपच्या मानवी हक्क करारात सहाव्या कलमात ‘वाजवी वेळेत’ सुनावणीची हमी आहे. आपल्याकडे अनुच्छेद 21 एवढेच सांगते की कायद्याने घालून दिलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही जीवित वा स्वातंत्र्य हिरावता येणार नाही. मनेका गांधी खटल्यात 1978 साली न्यायालय म्हणाले की ही कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. हुसैनारा खटल्याने त्याच्या पुढचे पाऊल टाकले. जी कार्यपद्धती माणसाला दहा वर्षे ताटकळत ठेवते, तिला वाजवी म्हणताच येत नाही.

उशिराने नुकसान तीन ठिकाणी होते. पहिले स्वातंत्र्याचे, जो आत आहे त्याचे दिवस जातात आणि ते कोणीही परत देऊ शकत नाही. दुसरे संसाराचे. जामिनावर बाहेर असलेल्याचीही दर तारखेला मजुरी बुडते, वकिलाची फी आणि एसटीचे भाडे लागते, मुलीचे लग्न ठरवताना ‘केस चालू आहे’ हे सांगावे लागते. तिसरे नुकसान पुराव्याचे. अमुक दिवशी तो माझ्याबरोबर शेतावर होता, असे सांगणारा शेजारी आठ वर्षांनी जिवंत असेलच असे नाही. आणि असला तरी त्याला तो दिवस आठवेल कशावरून?

हे तिसरे नुकसान दोन्ही बाजूंचे असते. फिर्यादीचे साक्षीदारही म्हातारे होतात, गाव सोडतात, दबावाला बळी पडतात. म्हणून वाजवी वेळेतला खटला हा केवळ आरोपीच्या सोयीचा हक्क नाही. ज्याच्या घरातले माणूस गेले, त्यालाही तो तितकाच हवा असतो.

या हक्काच्या इतिहासात दोन स्त्रियांचे काम महाराष्ट्राने विसरू नये. वसुधा धागमवार या कायद्याच्या अभ्यासक संथाळ परगण्यात काम करत होत्या. तिथल्या पाकूरच्या तुरुंगात पहाडिया जमातीची चार मुले 1972 पासून अडकून पडली होती. आठ वर्षांनंतरही त्यांचा खटला पूर्ण झाला नव्हता, उलट पायांत बेड्या घालून त्यांच्याकडून कामे करून घेतली जात होती. धागमवारांनी हे सर्वोच्च न्यायालयापुढे नेले. न्यायालयाने बेड्या काढायला लावल्या आणि आपल्याच न्यायव्यवस्थेला कठोर शब्दांत खडसावले. दुसऱ्या मुंबईच्या पत्रकार शीला बारसे. तुरुंगातल्या मुलांसाठी त्यांनी केलेल्या याचिकेवर 1986 साली न्यायालयाने सांगितले की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपी बालक असेल, तर तपास तीन महिन्यांत आणि खटला त्यापुढच्या सहा महिन्यांत संपला पाहिजे.

रोजनाम्यातल्या पाच ओळी

खटला का रखडतो, हे समजून घ्यायचे तर रोजनामा वाचावा. महाराष्ट्रातल्या प्रत्येक न्यायालयात प्रत्येक प्रकरणाचा रोजनामा असतो. त्या दिवशी काय झाले, कोण हजर होते, पुढची तारीख कोणती, हे त्यात एक-दोन ओळींत नोंदवले जाते. एखाद्या रखडलेल्या सत्र खटल्याचा रोजनामा सलग वाचत गेले, तर साधारण असा मजकूर पुन्हा पुन्हा भेटतो: आरोपी तुरुंगातून आणला नाही, तहकूब. साक्षीदारास समन्स बजावले नाही, तहकूब. बचाव पक्षातर्फे मुदतीचा अर्ज, मंजूर, तहकूब. रासायनिक विश्लेषणाचा अहवाल अप्राप्त, तहकूब. पीठासीन अधिकारी रजेवर, तहकूब.

या प्रत्येक ओळीमागे एक निराळे खाते आहे. आरोपीला तुरुंगातून आणायला पोलिसांचे एस्कॉर्ट पथक लागते. बंदोबस्त, सण, निवडणूक असली की पथक मिळत नाही. समन्स बजावायचे ते पोलीस ठाण्यातल्या हवालदाराने, आणि त्याच्या हातात त्याच दिवशी आणखी दहा कामे असतात. पंचनाम्यावर सही केलेला पंच हातावर पोट असलेला असतो. तीनदा कोर्टात येऊन साक्षीविना परत गेला की चौथ्यांदा तो येत नाही. तपास अधिकाऱ्याची बदली झालेली असते. प्रयोगशाळेत नमुन्यांची रांग असते. सरकारी वकील एक आणि कोर्टे दोन, अशीही अवस्था असते. आरोपी पाच असतील आणि एक फरार असेल, तर बाकीच्या चौघांचा खटला वेगळा काढायला कोणीतरी अर्ज करावा लागतो. तोपर्यंत सगळेच थांबतात.

आणि न्यायाधीश? विधी आयोगाने 1987 साली आपल्या 120 व्या अहवालात सांगितले होते की दहा लाख लोकसंख्येमागे साधारण दहा न्यायाधीश आहेत, ते पन्नास व्हायला हवेत. सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली हेच उद्दिष्ट पाच वर्षांत गाठायला सांगितले. आज मंजूर पदे धरली तरी आकडा एकविसाच्या आसपास आहे, आणि मंजूर पदांतलीही बरीच रिकामी असतात. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत तीन कोटींहून अधिक फौजदारी प्रकरणे पडून आहेत. सकाळी बोर्डावर ऐंशी-नव्वद प्रकरणे लागतात, तेव्हा पुकारा होऊन तारीख पडण्यापलीकडे बहुतेकांच्या वाट्याला काहीच येत नाही.

कायदा मात्र वेगळेच सांगतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 309 आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 346 म्हणते की साक्षीपुरावा सुरू झाला की तो संपेपर्यंत रोजच्या रोज चालवावा; नवे कलम तर पक्षकाराच्या विनंतीवरून दोनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत असेही सांगते. रोजनामा आणि हे कलम शेजारी शेजारी ठेवले, तर दोन वेगळ्या देशांतले वाटतात.

सोळा वर्षे, चाळीस वर्षे आणि अठरा महिने

29 सप्टेंबर 2008 च्या रात्री मालेगावच्या भिकू चौकात स्फोट झाला. रमजानचा महिना होता. सहा जणांचा जीव गेला, शंभरच्या आसपास जखमी झाले. तपास आधी दहशतवादविरोधी पथकाकडे होता, 2011 मध्ये तो राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. मोक्का लागू होतो की नाही, यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. आरोप निश्चित झाले ते 30 ऑक्टोबर 2018 रोजी, म्हणजे घटनेनंतर दहा वर्षांनी. तीनशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले, त्यांतले तीसहून अधिक फितूर झाले. 31 जुलै 2025 रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडले आणि मृतांच्या कुटुंबांना दोन लाख, जखमींना पन्नास हजार रुपये भरपाई द्यायला सांगितले. निकालाबद्दल कोणाचे काहीही मत असो, सोळा वर्षे दहा महिने लागले ही गोष्ट दोन्ही बाजूंवर अन्याय करणारी आहे. मृतांच्या घरच्यांना हे कोणी केले याचे उत्तर मिळाले नाही आणि आरोपींच्या कपाळावरचा शिक्का तेवढी वर्षे तसाच राहिला.

त्याहून जुने उदाहरण समस्तीपूरचे. 2 जानेवारी 1975 रोजी तिथल्या रेल्वे स्थानकावर बॉम्बस्फोट झाला, त्यात जखमी झालेले केंद्रीय रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्रा दुसऱ्या दिवशी वारले. केंद्रीय मंत्र्याच्या हत्येचा खटला. राज्ययंत्रणेला याहून महत्त्वाचा कोणता असणार? तो आधी बिहारमध्ये, मग दिल्लीत चालला. दीडशेहून अधिक सरकारी साक्षीदार झाले, न्यायाधीश वीसच्या वर बदलले. ऐन तरुणपणी आरोपी झालेले लोक म्हातारे झाले. 2012 साली त्यांच्यापैकी दोघांनी सर्वोच्च न्यायालयाला विनंती केली की आता हा खटला रद्दच करा. न्यायालयाने नकार दिला. तो लवकर संपवा, एवढेच सांगितले. डिसेंबर 2014 मध्ये निकाल लागला. चाळीस वर्षांना तीन-चार आठवडे कमी होते.

याउलट 26 नोव्हेंबर 2008 चा मुंबईवरचा हल्ला. तीन महिन्यांत, 25 फेब्रुवारी 2009 रोजी, अकरा हजारांहून अधिक पानांचे दोषारोपपत्र दाखल झाले. आर्थर रोड तुरुंगातच विशेष न्यायालय उभारले गेले, त्यामुळे आरोपीला आणण्याचा प्रश्नच उरला नाही. न्यायाधीश एम. एल. तहलियानी यांनी रोज सुनावणी घेतली. साडेसहाशेच्या आसपास साक्षी नोंदल्या गेल्या आणि त्यांतल्या औपचारिक साक्षी प्रतिज्ञापत्रावर घेऊन बराच वेळ वाचवला. जिवंत पकडलेला हल्लेखोर कसाब याला वकील मिळाला, उलटतपासणी झाली आणि 6 मे 2010 रोजी शिक्षा सुनावली गेली. हल्ल्यापासून अठरा महिनेही झाले नव्हते. याच खटल्यात कट केल्याचा आरोप असलेले दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले आणि त्यांची सुटका सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली.

म्हणजे यंत्रणा तीच, कायदा तोच, शहरही आपलेच. न्यायाधीशाला एकच काम दिले, साक्षीदार वेळेवर उभे केले आणि आरोपीला रोज हजर ठेवले, तर इतका गुंतागुंतीचा खटलाही दीड वर्षात नीट चालतो.

घाई मात्र वेगळी गोष्ट आहे. मध्य प्रदेशातल्या खंडव्यात 2013 साली बलात्कार आणि खुनाच्या एका खटल्यात आरोपीला जवळपास दोनच आठवड्यांत फाशी सुनावली गेली. सरकारी खर्चाने वकील मिळाला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले होते. कागदपत्रे वाचायलाही त्याला वेळ नव्हता. 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितला. ‘वाजवी’ या शब्दाला दोन्हीकडून धार आहे. बचावाला पुरेसा वेळ मिळणे हाही त्याच हक्काचा भाग आहे.

घड्याळ की तराजू?

किती उशीर म्हणजे फार उशीर, हे ठरवायचे कसे? जगात याची दोन उत्तरे आहेत. एक घड्याळाचे: अमुक महिने झाले की खटला संपला पाहिजे. दुसरे तराजूचे: प्रत्येक खटल्यात उशिराची कारणे एका पारड्यात, नुकसान दुसऱ्या पारड्यात घालून पाहायचे.

तराजूची पद्धत अमेरिकेत 1972 साली बार्कर विरुद्ध विंगो या खटल्याने रुजवली. केंटकी राज्यात 1958 साली एका वृद्ध दांपत्याचा खून झाला होता. दोन आरोपी होते. एकाला आधी दोषी ठरवून दुसऱ्याविरुद्ध साक्षीला उभे करावे, असा सरकारी बेत होता. त्यासाठी पहिल्यावर सहा वेळा खटला चालला आणि दुसऱ्याच्या, म्हणजे बार्करच्या खटल्यात सोळा वेळा मुदत घेतली गेली. पाच वर्षांहून अधिक काळ गेला. तरीही न्यायालयाने हक्क मोडला असे मानले नाही, कारण बराच काळ बार्करने स्वतःच घाई केली नव्हती. उशीर किती, कारण काय, आरोपीने हक्क मागितला का आणि त्याचे नुकसान किती झाले, अशा चार कसोट्या या खटल्याने दिल्या. पुढे 1974 मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदाच केला आणि केंद्रीय गुन्ह्यांसाठी तराजूच्या जोडीला घड्याळही आले. अटकेपासून तीस दिवसांत आरोपपत्र, त्यानंतर सत्तर दिवसांत खटला. काही काळ मात्र मोजणीतून वगळता येतो.

भारतात हा प्रश्न ज्या खटल्यात तपशिलाने सुटला, त्यावर महाराष्ट्राच्या एका माजी मुख्यमंत्र्यांचे नाव आहे. सिमेंट वाटपाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती लेंटिन यांच्या निकालानंतर जानेवारी 1982 मध्ये ए. आर. अंतुले यांनी राजीनामा दिला. त्यांच्यावरचा फौजदारी खटला रामदास नायक यांच्या तक्रारीवरून उभा राहिला आणि तो इतक्या वेळा वर-खाली गेला की दशक उलटले. डिसेंबर 1991 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अंतुले विरुद्ध नायक या निकालात अकरा तत्त्वे मांडली. त्यांतली महत्त्वाची अशी: हा हक्क तपासापासून अपिलापर्यंत सगळ्या टप्प्यांना लागू आहे. आरोपीने मागणी केली नाही म्हणून तो हक्क जात नाही. मात्र त्याने मुद्दाम लावलेला उशीर त्याच्याच खात्यावर जाईल. कालमर्यादा ठरवून देणे मात्र न्यायालयाने नाकारले.

पुढे काही पीठांना घड्याळ हवेसे वाटले. 1996 मधल्या ‘कॉमन कॉज’ खटल्यात आणि 1998 मधल्या राजदेव शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरावीक वर्षांनंतर खटला किंवा सरकारी पुरावा बंद करण्याचे आदेश दिले. 16 एप्रिल 2002 रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने रामचंद्र राव खटल्यात त्या मर्यादा रद्द केल्या. मुदत घालून देणे हे कायदेमंडळाचे काम आहे, न्यायालयाचे नव्हे, असे पीठाचे म्हणणे होते. तेव्हापासून आपल्याकडे तराजूच आहे.

कॅनडाने 2016 साली उलटा रस्ता धरला. तिथल्या हक्कांच्या सनदेत वाजवी वेळेत खटल्याचे वचन आहे. अमली पदार्थांच्या एका प्रकरणात आरोप ठेवल्यापासून खटला संपेपर्यंत 49 महिने उलटले, तेव्हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जॉर्डन निकालात आकडेच सांगितले: खालच्या न्यायालयात 18 महिने, वरच्या न्यायालयात 30 महिने. बचाव पक्षाने लावलेला उशीर वजा करून त्यापलीकडे काळ गेला आणि सरकारला असाधारण कारण दाखवता आले नाही, तर खटला थांबवायचा. निकाल पाच विरुद्ध चार असा काठावरचा होता, आणि त्याची किंमतही मोठी होती. 2017 साली मॉन्ट्रियलमध्ये पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला माणूस खटला न होताच सुटला. तो तोवर जवळपास पाच वर्षे कोठडीत होता. लोक संतापले. त्याच काळात क्वेबेक सरकारने पैसा काढला, नवे न्यायाधीश आणि सरकारी वकील नेमले. घड्याळाने सरकारला हलवले हे खरे; पण त्या मृत स्त्रीला न्याय मिळाला नाही, हेही तितकेच खरे.

भारतात आज आंधळेपणाने जॉर्डनची नक्कल केली, तर लाखो खटले एका रात्रीत संपतील आणि त्यांतल्या बहुसंख्य फिर्यादी गरीब घरच्या असतील. म्हणून 2002 च्या निकालामागची भीती पोकळ म्हणता येणार नाही. पण घड्याळाचे सामर्थ्य आपल्याच कायद्यात एका जागी दिसते आणि तिकडे लक्ष द्यायला हवे. अटकेनंतर गुन्ह्याच्या स्वरूपानुसार साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो. परिणाम काय? पोलीस ठाणी ते दिवस बोटांवर मोजतात आणि एकोणनव्वदाव्या दिवशी का होईना, गठ्ठा कोर्टात पोहोचतो. एकदा तो पोहोचला की मोजणी थांबते. पुढे आरोप निश्चितीला एक वर्ष लागो की दहा, कोणाच्या खुर्चीला धक्का लागत नाही.

हक्काचा झाला जामीन

खटला लवकर संपवता येत नाही, तर निदान माणसाला बाहेर तरी सोडा, अशा वाटेने आपली न्यायालये गेली आहेत. 2006 पासून लागू झालेल्या कलम 436अ ने कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याच्या सुटकेची तरतूद केली. 1 जुलै 2024 पासून तिची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 ने घेतली. आता पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्यासाठी ही मर्यादा एक तृतीयांश आहे. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की जुन्या गुन्ह्यांतल्या कैद्यांनाही हा लाभ मिळेल. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असू शकेल असे गुन्हे यात येत नाहीत, आणि एकापेक्षा अधिक प्रकरणे प्रलंबित असली तरीही या कलमाखाली सुटका होत नाही. हा दुसरा अपवाद फार जणांना बाहेर ठेवतो आणि त्याचा फेरविचार व्हायला हवा.

कडक कायद्यांपुढेही हा हक्क उभा राहू शकतो, हे न्यायालयाने अलीकडे पुन्हा सांगितले आहे. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली जामीन मिळणे अतिशय अवघड असते. तरीही 2021 साली पाच वर्षांहून अधिक काळ आत असलेल्या आणि अडीचशेहून अधिक साक्षीदार बाकी असलेल्या केरळमधल्या आरोपीचा जामीन न्यायालयाने कायम ठेवला. जुलै 2024 मध्ये मुंबईतल्या बनावट नोटांच्या प्रकरणातही न्यायालयाने जामीन दिला. आरोपी चार वर्षे आत होता, सरकारला ऐंशी साक्षीदार तपासायचे होते आणि आरोप अजून निश्चितही झाले नव्हते. गुन्हा कितीही गंभीर असला तरी जलद खटल्याचा हक्क उरतोच आणि जामीन नाकारणे ही शिक्षा देण्याची पद्धत होऊ शकत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती.

सगळ्यांच्या बाबतीत ही वेळ येत नाही. एल्गार परिषद प्रकरणात 2020 मध्ये अटक झालेले पाद्री स्टॅन स्वामी 5 जुलै 2021 रोजी मुंबईच्या रुग्णालयात, बंदी असतानाच वारले. वय 84, कंपवाताचा आजार, जामिनाचा अर्ज न्यायालयापुढे. खटला सुरू झालेला नव्हता. ते दोषी होते की निर्दोष, हे आता कोणतेही न्यायालय सांगणार नाही.

जामीन म्हणजे निकाल नव्हे, ही या वाटेची मर्यादा आहे. आरोपी घरी जातो, पण खटला तिथेच राहतो, किंबहुना आणखी मागे पडतो, कारण आतल्या कैद्याची तातडीही गेलेली असते. फिर्यादीच्या पदरी तर काहीच पडत नाही. म्हणून दोन गोष्टी व्हायला हव्यात. कायदेमंडळाने दोषारोपपत्रानंतरच्या टप्प्यांनाही मुदती आणि त्या चुकल्या तर कोणी उत्तर द्यायचे, हे ठरवावे. नव्या संहितेत आरोप निश्चितीसाठी साठ दिवस आणि युक्तिवादानंतर निकालासाठी तीस ते पंचेचाळीस दिवस लिहिले आहेत, पण ते चुकल्यास काय, याबद्दल ती गप्प आहे. आणि विधी आयोगाच्या पन्नास न्यायाधीशांचे जे स्वप्न 1987 पासून कागदावर आहे, त्यासाठी राज्यांनी अर्थसंकल्पात पैसा ठेवावा. 26/11 च्या खटल्याला जे मिळाले, त्याचा निम्मा भाग तरी मालेगावला, पाकूरला, कुठल्याही तालुक्याच्या कोर्टाला मिळायला हवा.

तोवर वाचकाच्या हातात जे आहे ते थोडे पण ठोस आहे. घरातले, गल्लीतले, कामावरचे कोणी तुरुंगात असेल तर अटकेची तारीख आणि लावलेली कलमे कागदावर लिहा. साधी चोरी असेल तर कमाल शिक्षा तीन वर्षे. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याचा एक तृतीयांश काळ एका वर्षात भरतो, इतरांचा निम्मा काळ दीड वर्षात. तो भरला की न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याची जबाबदारी कलम 479 ने तुरुंग अधीक्षकावर टाकली आहे. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून सात दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे असते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितले आहे. प्रकरणाचा सोळा अंकी-अक्षरी क्रमांक टाकला की प्रत्येक तारीख मोबाइलवर दिसते. कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो, आणि विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. हेल्पलाइनचा क्रमांक 15100. फोन लावा आणि सगळ्यात आधी अटकेची तारीख सांगा.